क्रमांक ४१७ म्हणजे क्रमांक ४१७

सुरुवातीलाच एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. मी आजवर एकदाही न वाचता 'मान्य आहे' हे बटण दाबलेलं नाही. तुम्ही दाबलं असेल. सगळेच दाबतात. फोनवर काही नवीन घ्यायचं झालं की बारीक अक्षरांतलं जे पुराण उलगडतं ते लोक अंगठ्यानं वर ढकलतात आणि मोकळे होतात. मी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. हवामान सांगणारं एक ॲप घ्यायला मला तीन दिवस लागले होते. तोवर ज्या वादळाची चौकशी करायची होती ते येऊन, दोन झाडं पाडून निघूनही गेलं. पण वाचल्याशिवाय बटण दाबलं नाही म्हणजे नाही!

त्यामुळे आमच्या दवाखान्यातून कोणाला तरी एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं, तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बघितलं यात नवल नव्हतं. दवाखान्यात आम्ही दोघंच आहोत हा भाग वेगळा.

मॅडम म्हणजे दातांच्या डॉक्टर. मी त्यांचा बाहेरचा माणूस. काउंटरवर बसायचं, वेळा द्यायच्या, फायली सांभाळायच्या, घाबरलेल्यांना पाणी द्यायचं. एकोणीस वर्षं हेच करतोय. मॅडमचा हात हलका आहे, स्वभाव त्याहून हलकाफुलका. फक्त एक खोड आहे. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत आणि चेहरेही राहत नाहीत. त्यांना तोंडं लक्षात राहतात, तीही आतून. रस्त्यात भेटलेल्या पेशंटकडे त्या अनोळखी नजरेनं बघत उभ्या राहतात. मग तो बिचारा जांभई देतो आणि मॅडम म्हणतात, "अरे, तुम्ही होय! ती आडवी अक्कलदाढ तुमचीच ना?" थोडक्यात, नावं माझ्याकडे आणि तोंडं त्यांच्याकडे, असा आमचा कारभार ठीक चालला होता.

माझ्याकडे आणखी एक जबाबदारी होती. ती कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली नव्हती. ती म्हणजे आमच्या बाई.

बाई माझ्या शाळेतल्या. तेव्हा त्या वर्गशिक्षिका होत्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मी लहानपणी तोंडातल्या तोंडात बोलायचो. बाईंनी माझं नाव 'पुटपुट्या' ठेवलं आणि उपचार सुरू केला. रोज सकाळी त्या लाल पेनानं एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात द्यायच्या. ती मी दारात उभं राहून, हनुवटी वर करून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायची. नाही पोचली तर परत. एकदा एकच चिठ्ठी मी चौदा वेळा वाचली होती. वर्षभरात माझं पुटपुटणं थांबलं. एकोणीस वर्षं काउंटरवर बसून लोकांशी बोलतोय ते बाईंच्या जिवावर.

बाईंचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे दात. दरवर्षी शाळा सुरू होताना त्या मुलांसमोर उभ्या राहून सांगायच्या, "मी कधी आळस केला नाही, रात्री दात घासल्याशिवाय झोपले नाही. मोजा, बत्तीसच्या बत्तीस!" आणि दाखवायच्या. अडतीस वर्षं हे भाषण चाललं. आमच्या पिढीतले लोक आजही दात घासताना दचकून मागे बघतात.

सात महिन्यांपूर्वी बाई जिन्यात पडल्या आणि वरचे पुढचे सहा दात गेले. उरलेल्यांतलेही काही हलत होते, ते मॅडमनी काढले. बाईंना तात्पुरती कवळी दिली. ती सैल होती, बोलताना सरकायची. बाई दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तोंडाला स्कार्फ बांधून यायच्या.

"पुटपुट्या, कोणाला कळता कामा नये."

"या कानाचं त्या कानाला कळणार नाही, बाई."

"निवृत्त होईपर्यंत तरी नको रे. पोरं हसतील. अडतीस वर्षं ज्या तोंडानं सांगितलं ते तोंडच खोटं निघालं म्हणतील."

बाईंचा आवाज असा खाली गेलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी वचन दिलं. त्यांचा निरोप समारंभ एका सोमवारी दुपारी चार वाजता ठरला होता आणि नवी, घट्ट कवळी त्याच दिवशी मिळणार होती. तो सोमवार बरोबर माझ्या प्रशिक्षणानंतरचा.

आता प्रशिक्षणाचं सांगतो. लोकांच्या खासगी माहितीबद्दल नवा कायदा आला होता. दवाखाने, शाळा, दुकानं, ज्यांच्याकडे म्हणून लोकांची माहिती आहे त्या सगळ्यांना तो लागू होता. शिकवायला आलेल्या माणसाच्या हातात लाल दिवा फेकणारी काडी होती. तो म्हणाला, "लागत नाही ती माहिती जवळ ठेवू नका. नाव काढा, क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळी ठेवा, कुलूपबंद." शेवटी माहिती अचूक असावी असंही काही तरी तो म्हणाला, पण तेवढ्यात चहा आला.

मग त्यानं काडीचा दिवा थेट माझ्यावर रोखला. "तुमच्याकडे बाहेर बसलेल्या माणसाला शेजारच्याचा आजार कळतो का?"

मी आमची बाहेरची खोली आठवली. चार बाकं, आणि त्या बाकांवर कोणाची कोणती दाढ किडली आहे याची चर्चा. मी मान खाली घातली.

"तुम्ही कायदा मोडताय," तो म्हणाला.

एकोणीस वर्षं मी गुन्हेगार होतो आणि मला पत्ताच नव्हता! निघताना त्यानं प्रत्येकाला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात एक छोटा प्रोग्राम होता. नावांची यादी द्यायची, फोल्डर दाखवायचं, की तो सगळी नावं शोधून त्यांच्या जागी क्रमांक टाकणार.

घरी आलो तो पेटूनच. बायको शिवणकाम करते. तिच्याकडे एक जाडजूड मापाची वही आहे, आसपासच्या निम्म्या बायकांची मापं तिच्यात आहेत. वही मशीनवर उघडी पडलेली.

"या वहीला कुलूप आहे का?" मी विचारलं.

"वहीला?"

"पासवर्ड तरी?"

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "अहो, बरं वाटत नाहीये का?"

"कोणी येऊन विचारलं, अमकीची कंबर किती, तर तू काय करतेस?"

"मी विचारते, तुम्ही कापड किती आणलंय."

"याला धोरण म्हणत नाहीत."

"बावीस वर्षांत माझ्याकडून कोणाची कंबर गावभर झालीय?"

मला तिची कीव आली. अशिक्षितपणा म्हणतात तो हाच, असं मनात म्हटलं. मनातच म्हटलं, कारण ती टाचण्या परत तोंडात धरत होती आणि कात्री तिच्या हाताशी होती.

रविवारी दवाखाना बंद असतो. मी किल्ली घेऊन एकटा गेलो आणि दिवसभर खपलो. अठराशे बारा पेशंट. त्यांची जुनी कार्डं, ज्यांच्यावर नाव, पत्ता, फोन सगळं होतं, ती कागद कातरायच्या यंत्रात घातली. कपाटात कवळ्यांच्या नऊ डब्या होत्या, त्यांच्यावरच्या नावाच्या पट्ट्या खरवडून क्रमांक लावले. प्लास्टरच्या साच्यांवरही तेच. कॉम्प्युटरमध्ये नाव, फोन आणि क्रमांक अशी यादी केली आणि तिला सतरा अक्षरी पासवर्ड ठेवला. मग पेनड्राइव्ह लावला आणि प्रोग्रामला फोल्डर दाखवलं. एक चौकट आली, तिच्यात चारपाच ओळी होत्या आणि खाली 'हो' आणि 'नाही'. सहा वाजत आले होते. डोळे चुरचुरत होते. आणि मी दाबलं.

इथे कोणी म्हणेल, वाचलं का? हे बघा, ते बटण 'मान्य आहे'चं नव्हतं. ते 'हो'चं होतं.

काम झाल्यावर जुन्या प्रती पुसल्या, कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी केली आणि समाधानानं घरी आलो. एवढंच नाही, शनिवारीच काउंटरवर छतापर्यंत काच बसवून घेतली होती, म्हणजे पेशंट माझ्याशी काय बोलतो ते मागच्याला ऐकू जाणार नाही. काचवाला म्हणाला होता, "तुमचं बोलणंही त्यांना ऐकू येणार नाही." म्हणून माझ्यासमोर माइक आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक स्पीकर. काचेखाली कागद सरकवण्यापुरती फट. आणि त्या फटीतून द्यायला मी अकरा पानी संमतीपत्र तयार केलं होतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला पहिले आले ते वकील. काचेकडे बघून थबकले.

"क्रमांक सांगा," मी माइकवरून म्हणालो. खोलीभर आवाज घुमला. मला आवडला.

ते काही तरी म्हणाले. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही. मी कानाला हात लावला.

"कसला क्रमांक?" ते ओरडले.

बरोबर होतं. त्यांना क्रमांक मी कळवलाच नव्हता. हरकत नाही, यादी होती. मी सतरा अक्षरी पासवर्ड टाकला, एका झटक्यात बरोबर आला, आणि यादी उघडली.

डावीकडे क्रमांक होते. उजवीकडे, जिथे नावं आणि फोन होते, तिथेही क्रमांकच होते. क्रमांक १ म्हणजे क्रमांक १. क्रमांक २ म्हणजे क्रमांक २. मी भराभर खाली गेलो. क्रमांक ४१७ म्हणजे क्रमांक ४१७.

मी यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. प्रोग्रामनं इमानानं काम केलं होतं. नंतर पेनड्राइव्ह लावून ती चौकट पुन्हा पाहिली, तेव्हा कळलं की तिच्यात लिहिलं होतं, 'या फोल्डरमधल्या सर्व फायलींमधली नावं कायमची बदलली जातील. हे मागे घेता येणार नाही.' भाषा अगदी सोपी होती.

आत मॅडमनी हाक मारली, "काका, पहिला पेशंट कोण?"

"एक माणूस आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

आता फाइल शोधायची तर एकच वाट उरली होती. फायलींत आजाराची नोंद होती, नाव नव्हतं. म्हणजे आजार विचारायचा आणि त्यावरून माणूस हुडकायचा. मी माइकवर म्हणालो, "तुमची तक्रार काय आहे?"

वकील काचेला नाक लावून पुटपुटले. मी मान हलवली. ते पुन्हा पुटपुटले. मी पुन्हा मान हलवली. शेवटी त्यांचा संयम सुटला आणि कोर्टातल्या आवाजात ते ओरडले, "तोंडाला वास येतो!"

एव्हाना बाकावर येऊन बसलेली माणसं हळूच दूर सरकली.

त्या नावाच्या, म्हणजे त्या वासाच्या, अठ्ठावीस फायली निघाल्या. वकिलांना तसंच आत पाठवलं. मॅडमनी तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "अच्छा, तुम्ही होय!" आणि फाइल ओळखली. मला हायसं वाटलं. मॅडम सुंदर ओळखत होत्या. फक्त आतल्या खोलीचं दार हवेसाठी उघडं असतं आणि ओळख पटली की मॅडमना आनंद होतो. त्यामुळे "हां, तुम्ही रात्री दात खाता!" आणि "तुम्ही तंबाखू सोडली म्हणून बायकोला सांगितलंय, तेच ना?" हे सगळं बाहेर पोचत होतं. त्यातल्या दुसऱ्या गृहस्थांची बायको बाहेरच बसली होती. ती उठून आत गेली. पुढचं मॅडमनाही ऐकावं लागलं.

बारा वाजेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत अशी परिस्थिती होती की प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत होतं. एकोणीस वर्षांत बाकावरच्या गप्पांतून जेवढं कळलं नसेल तेवढं काचेमुळे अडीच तासांत कळलं. संमतीपत्रं मात्र सगळ्यांनी सही करून दिली. एकानंही वाचलं नाही. लोक असेच असतात.

साडेबाराला बाईंच्या शाळेतले कवायतीचे सर आले. हा माणूस मैदानाच्या एका टोकावरून बोलला की दुसऱ्या टोकाची पोरं सावधान होतात. त्यांना काच असो की भिंत, फरक पडत नाही. पण त्या दिवशी ते तोंडावर रुमाल धरून आले आणि कधी नव्हे ते हळू बोलले. मी खुणेनं विचारलं. त्यांनी खुणेनं गाल दाखवला. दाढदुखीच्या सहाशे फायली होत्या. मी म्हटलं, बसा. ते शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसले.

एक वाजता दार उघडलं आणि बाई आल्या. स्कार्फ बांधलेला, खाली ठेवणीतली साडी. एरवी या वेळेला दवाखाना रिकामा असतो. त्या दिवशी चारही बाकं भरलेली. बाईंनी एक नजर फिरवली, शेवटच्या बाकावर कवायतीचे सर दिसले आणि त्या जागीच थांबल्या. सरांनी रुमाल आणखी वर ओढला.

बाई काचेपाशी आल्या. काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही. मी माइकवर म्हणालो, "जरा मोठ्यानं, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य बाईंना म्हणत होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा शब्द गिळला. मग त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, कागदाच्या तुकड्यावर काही लिहिलं, चार घड्या घातल्या आणि फटीतून आत सरकवला.

मी चिठ्ठी उघडली. लाल अक्षरं. तेच वळण.

यापुढे जे झालं ते मी केलं असं मला अजूनही वाटत नाही. माझे पाय आपोआप ताठ झाले, मी खुर्चीतून उठलो. हनुवटी वर गेली. आणि माइक चालू असताना मी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"माझी कवळी तयार आहे ना? चार वाजता समारंभ आहे. कवायतीचे सर मागे बसले आहेत, त्यांना कळता कामा नये."

स्पीकर उत्तम होता.

बाकांवरची कुजबुज थांबली. आत मॅडमचं यंत्र चालू होतं तेही थांबलं. बाई काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आवाज चांगला पोचला," त्या म्हणाल्या. आता इतकी शांतता होती की काचेतूनही ऐकू आलं. "दहापैकी आठ."

मग त्या जवळच्या बाकाच्या कडेवर बसल्या. स्कार्फची गाठ चाचपत होत्या. मला फार वाईट वाटलं. वचन मोडलं याचं तर वाटलंच, पण ज्या बाईंनी मला बोलायला शिकवलं त्यांना मी त्यांच्याच शिकवणीनं तोंडघशी पाडलं होतं. तीन तासांवर समारंभ आणि शाळेतला सगळ्यात मोठा आवाज त्याच खोलीत बसलेला.

तो आवाज उठला. सर बाकावरून उठून सावधान उभे राहिले, रुमाल खिशात घातला.

"बाई, परवानगी असेल तर बोलतो."

बाईंनी वर बघितलं नाही. "बोला. आता काय राहिलंय."

"आत कवळ्यांच्या डब्या आहेत, त्यांत एक माझी आहे."

आता बाईंनी वर बघितलं. सर बोलताना त्यांचा वरचा ओठ आत जात होता. शाळेत कधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या ओठांकडे कोण बघतं?

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं. ही दुसरी कवळी."

"म्हणून शिट्टी बंद?"

"म्हणून शिट्टी बंद. फुंकली की कवळी पुढे येते."

"मी तुम्हाला लेखी विचारलं होतं, शिट्टी का वाजवत नाही म्हणून. तुम्ही ध्वनिप्रदूषण असं उत्तर दिलंत."

"तुमचे बत्तीसच्या बत्तीस होते, बाई. तुमच्यासमोर कसं सांगणार?"

बाईंच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, तोंडावर हात धरून, आणि तात्पुरती कवळी सरकल्यामुळे त्यांना थांबताही येत नव्हतं. मग बाकावरून एक आजोबा म्हणाले, "एक माझीही आहे बरं." पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी म्हणाल्या, "खालची माझी." दुपारी पुन्हा बोलावलेले वकील आतून जीभ बधिर अवस्थेत बाहेर आले आणि माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ काही तरी बोलले. त्यात 'कायदा' हा शब्द असावा. बाकी कोणालाही समजलं नाही, याबद्दल मी आजही आभारी आहे.

मॅडमनी बाईंना आत घेतलं, त्यांचं तोंड बघितलं, नऊ डब्या उघडून ओळीनं मांडल्या आणि क्षणात चौथी उचलली. "ही." बसवली. चपखल बसली. दहा मिनिटांत बाई बाहेर आल्या तेव्हा स्कार्फ हातात होता. सरांची सातवी निघाली.

दवाखाना बंद करून मीही समारंभाला गेलो. मागे, दाराशी उभा राहिलो. जायचा धीर नव्हता, पण न जाण्याचा त्याहून नव्हता. हार झाले, भाषणं झाली, मग बाई उठल्या. नवी कवळी जराही हलत नव्हती. एकेक शब्द सुटा, स्वच्छ.

"दरवर्षी मी तुम्हाला माझे बत्तीस दात दाखवले," बाई म्हणाल्या. "आज शेवटचे दाखवते. यातले अकरा माझे नाहीत."

आधी कोणाला कळेना. मग मुलं हसली, खूप हसली. बाईंनी हसू दिलं. मी खाली बघत होतो. हेच तर त्यांना सात महिने नको होतं.

"हसून झालं?" त्या म्हणाल्या. "मी हे सात महिने लपवलं, ती माझी चूक की नाही ते मला माहीत नाही. पण स्वतःची गोष्ट कधी सांगायची, कोणाला सांगायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आज दुपारी माझ्यासाठी ते दुसऱ्या कोणी तरी ठरवलं. म्हणून आता तुम्हाला मी स्वतः सांगते आहे, निदान एवढं तरी माझ्या हातात राहू दे. आणि दात घासा. जे उरलेत ते घासूनच उरलेत."

मग सरांनी शिट्टी फुंकली. दोन वर्षांत पहिली. मुलांनी घोषणा दिल्या, बाई खाली आल्या, गर्दीतून वाट काढत दारापाशी आल्या. मी हात जोडले. माफी मागायची होती, पण तोंडातल्या तोंडात काही तरी झालं.

"पुटपुटू नकोस," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

काच मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. माइक सरांनी मैदानासाठी मागून नेला, त्यांना तो कशाला हवा ते देव जाणे. यादी अजून पुरी झालेली नाही. माणूस आला की मॅडम तोंड बघतात, मी नाव लिहितो, असे साधारण निम्मे परत सापडलेत. ४१७ कोण ते अजून कळलेलं नाही. नावं गेल्याची गोष्ट मॅडमना तिसऱ्या दिवशी लक्षात आली, तोवर त्यांना वाटत होतं की लोक आपणहून जास्त मोकळे झालेत.

पुढच्या आठवड्यात बाई तपासणीला आल्या. बसल्या बसल्या त्यांनी माझं अकरा पानी संमतीपत्र वाचायला घेतलं. ते अथपासून इतिपर्यंत वाचणारी ती पहिली व्यक्ती. लाल पेन निघालं. पहिलं पान आडवं खोडलं, दुसरं, तिसरं. शेवटी त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला एक ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मी दोन्ही ओठ घट्ट मिटून, मनात वाचलं. 'ज्याचं त्याला विचारल्याशिवाय सांगू नये.'

तो कागद मी काउंटरवर चिकटवलाय. बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा तिनं तो वाचला.

"हे शिकायला दिवसभर गेला होतात?"

मी तिला पाणी दिलं.

तर, ही गोष्ट लिहून झाल्यावर मी त्या नियमाप्रमाणे ज्यांची ज्यांची आहे त्यांना दाखवली. वकिलांनी 'वास' या शब्दावर हरकत घेतली आणि मग नावच नाही म्हटल्यावर सोडून दिली. सरांनी परवानगी दिली. बाईंनी चार दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा कागद लाल झाला होता, बरीच विरामचिन्हं होती, खाली 'छापण्यास संमती आहे' आणि सही. आणि एका जागी समासात असं लिहिलं होतं: 'मी दहापैकी आठ दिले नव्हते. सहा दिले होते. माहिती अचूक ठेवावी.'

वरचा आकडा मी बदललेला नाही. ती माझी खासगी माहिती आहे.